चव्वेचाळिसावं पान

परवापरवापर्यंत आमच्या वाडीच्या सभेची नोंदवही माझ्याकडे होती. मी नववीपर्यंत शिकले आणि अक्षर बरं आहे, एवढ्याच कारणानं ती अकरा वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडली. तारीख, विषय, कोण काय बोललं, काय ठरलं, सगळं मी लिहायचे. त्या वहीत एक ओळ मी खोटी लिहिली होती. त्या ओळीपायी वाडीची दीड वर्षं वाया गेली, आणि ती कशी गेली ते मीच सांगितलेलं बरं. दुसरं कुणी सांगायला बसलं तर मला वाचवायला बघेल, नाहीतर आहे त्याहून जास्त काळं फासेल.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना रस्ता सोडून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी लागते. त्रेचाळीस घरं, सगळी कातकऱ्यांची. माझ्या सासऱ्यांच्या पिढीपर्यंत कुणाच्या नावावर पायाखालची जागासुद्धा नव्हती. दिवाळी झाली की दाराला बांबूची झाप लावायची आणि पोराबाळांसकट भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं, ते पाऊस तोंडावर आला की परत यायचं. मग कायद्यानं डोंगरावरच्या जंगलाचा हक्क वाडीला मिळाला. कुणा एकाला नाही, सगळ्या वाडीला मिळून. तेव्हापासून आम्ही डोंगरावरचा बांबू मिळून तोडतो, मिळून विकतो, सुपं-टोपल्या करून मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बसतो, आणि जे येतं त्याचे त्रेचाळीस सारखे वाटे करतो. आजारी माणसाच्या घराला सारखा, विधवेच्या घराला सारखा. खालच्या गावातले लोक हसायचे. पण भट्टीवर जाणारी घरं दर वर्षी कमी होत होती, हे त्यांनाही दिसत होतं.

आता सभेची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्याकडे हात वर करून मोजत नाहीत. चिंचेखाली गोल बसायचं, बोलायचं ते बोलायचं, आणि मग प्रत्येक घरानं पळसाचं एक पान मधल्या जागेत ठेवून वर खडा ठेवायचा. पानाची गुळगुळीत बाजू वर असली तर हो, खालची लवदार बाजू वर असली तर नाही. एक जरी पान उलटं निघालं तरी ठराव होत नाही. ज्याचं पान उलटं त्यानं कारण सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, पटलं तर विषय सोडायचा, नाही पटलं तर त्याला समजवायचं. पूर्वी शिकारीच्या वाट्यावरून तंटा झाला की म्हातारे असंच करायचे म्हणतात.

एकच गोष्ट करायची नाही. ज्या हातानं पान ठेवलं तोच हात ते फिरवणार. मोजणाऱ्यानं पानं रांगेत सरकवली तर चालतं, पण दुसऱ्याचं पान उचललं किंवा फिरवलं तर तसं करणाऱ्याच्या घराचं पान बंद. गोलाबाहेर बसायचं. आणि ज्याचं पान फिरवलं त्यानं स्वतः हाताला धरून आत आणलं तरच परत आत यायचं. हा नियम मी सुनेला सांगितला होता, लहान पोरांना सांगितला होता. तो कुणाला लागू झालेला मी कधी पाहिला नव्हता.

दामूकाका ह्या रीतीतला सगळ्यात चिवट माणूस. साठी ओलांडलेली, छातीत कायमचा खोकला, बोटं कधी स्वस्थ नाहीत. पान ठेवण्याआधी ते त्याचा शेंडा नखानं खुडून टाकायचे. सवयच ती. त्यामुळे सगळ्या पानांत त्यांचं पान कुठलं ते लांबूनही कळायचं. माझा मुलगा अजय आसनगावजवळच्या एका गोडाऊनमध्ये कामाला आहे, आणि त्याचं आणि दामूकाकांचं दर सभेत वाजायचं.

"आमच्याकडं जो जास्त पेट्या उचलतो त्याला जास्त मिळतं," अजय म्हणायचा. "सरळ हिशेब हाय. हितं घरी झोपलेल्याला बी सारखाच वाटा. मंग डोंगरावर चढायचं कोनी?"

"तुझ्या गोडाऊनात मानूस आजारी पडला तर काय करतात रे?"

"दुसरा घेतात."

"आमच्याकडं दुसरा नाय," दामूकाका म्हणायचे. "हाव तेवढेच हाव आमी."

लोक हसायचे, अजयही हसायचा. तेव्हा भांडणात विष नव्हतं.

आमच्या वाडीला रस्ता नव्हता. चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझी सून अनिता अडली. डोली करून चार जणांनी तिला खाली नेलं. पुढचा डावा खांदा दामूकाकांचा होता, खोकत खोकत. ओहोळाला पाणी होतं, ते उतरेपर्यंत थांबावं लागलं. गाडीला पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मूल रडलंच नाही. मुलगी होती. मी तिला पदरात घेतली होती, आणि ते वजन अजून माझ्या हातांना आठवतं.

त्यानंतर दोन वर्षांनी कल्याणच्या एका शेठनं खालच्या अंगाला रिसॉर्ट बांधायला काढलं. तळं, खोल्या, हिरवळ. त्याला आमच्या जंगलाच्या कडेनं रस्ता हवा होता. त्यानं सांगितलं, तुम्ही जागा द्या, रस्ता मी करतो, तोच पुढे तुमच्या वाडीपर्यंत आणतो. अँब्युलन्स दारात येईल. मी ऐकलं ते एवढंच, अँब्युलन्स दारात येईल.

तीन सभा झाल्या. तिन्ही वेळा बेचाळीस पानं सुलटी आणि शेंडा खुडलेलं एक उलटं.

"रस्ता पायजेच," दामूकाका म्हणत होते. "मी डोली उचललीय, मला कुनी सांगू नका. पन तो हेदीच्या अंगानं घ्या. ह्या बाजूला झऱ्याची शीर हाय जमिनीखालून. जेसीबी लागला का पानी जाईल."

शेठला हेदीकडून, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या बाजूनं, रस्ता नको होता. तिकडून लांब पडायचा. अजय चिडला, बाकीचेही चिडले, पण म्हाताऱ्याला कुणी जबरदस्ती केली नाही, कारण तशी रीतच नाही. मी मात्र मनात त्यांना फार वाईट बोलले. माझी नात ज्यांनी खांद्यावरून नेली त्यांनाच मी तिचे वैरी ठरवून बसले.

चौथी सभा कार्तिकातली, सकाळची. पानं ठेवून झाली होती. दामूकाकांना खोकल्याची उबळ आली. सभेत खोकू नये म्हणून ते नेहमी उठून चिंचेमागे जायचे, तसे गेले. बाकीचे आपसात बोलत होते. मी वही बाजूला ठेवून मोजण्यासाठी पानं रांगेत लावत होते, ते माझंच काम. शेंडा खुडलेलं पान माझ्या हाताखाली आलं. मी खडा उचलला, पान फिरवलं, खडा परत ठेवला. भाकरी परतायला ह्याहून जास्त वेळ लागतो.

दामूकाका डोळे पुसत परत आले तोवर मी मोठ्यानं सांगून टाकलं होतं, "त्रेचाळीस. सगळी सुलटी."

लोक उठले. कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारली, शेवटी ऐकलं म्हणाले. त्यांनी पानाकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हातांकडेच. आणि खाली बसले. मी वहीत लिहिलं: दामू वाघे यांनी आपलं पान स्वतःच्या हातानं सुलटं केलं, ठराव एकमतानं मंजूर.

आठ दिवसांनी ते माझ्या दारात आले. हातात बांबूची कामटी होती, ती सोलत उभे राहिले.

"प्रमिला," म्हणाले, "मी त्याच टायमाला बोललो असतो तर परत कुनी पानावर भरवसा ठेवला नसता. सभाच मोडली असती. म्हनून नाय बोललो. तू बोल. तुझ्या तोंडानं सांगशील तर लोक झेलतील."

"काय सांगू काका?" मी म्हणाले. आणि असा चेहरा केला की मला काहीच कळलं नाही.

त्यांनी मान हलवली. "बरं. तुझा टाइम घे," म्हणाले आणि गेले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडायला मी कुणाला हार जात नाही.

रस्ता झाला. रिसॉर्टच्या फाटकापर्यंत झाला आणि तिथेच थांबला. पुढच्या माघात वाडीचा पिण्याच्या पाण्याचा झरा आटला. आधी धार करंगळीएवढी झाली, मग दगड नुसते ओले, मग तेही नाही. आम्ही बायका पाण्याला खालच्या विहिरीवर जायला लागलो, जाऊन येऊन दीड तास. दामूकाकांची बायको सकुबाई गुडघ्यांनी अधू, म्हणून त्यांच्या घरचा हंडा काकाच आणायचे. चैत्रातल्या एका दुपारी ते परत आलेच नाहीत. रिसॉर्टच्या भिंतीला टेकून बसलेले सापडले. शेजारी भरलेला हंडा होता, एक थेंब सांडलेला नव्हता. भिंतीपलीकडे पोरं तळ्यात उड्या मारत होती, त्यांचा आवाज येत होता. मी तिथे उभी होते. मला वाटलं आता सांगावं. पण मेलेल्या माणसासमोर सांगून काय होणार, असं म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायला मला कारण कधी कमी पडलं नाही.

त्यानंतरची पहिली सभा ज्येष्ठात झाली. विषय साधाच होता, खालच्या विहिरीवर पाळीनं जायचं का. गुणा मोजत होता. गुणा म्हणजे माझा चुलतदीर, आकडे मोठ्यानं म्हणतो. बेचाळीस, त्रेचाळीस म्हणाला आणि थांबला. मग हळूच म्हणाला, "चव्वेचाळीस."

परत मोजलं. चव्वेचाळीसच. घरं त्रेचाळीस, पानं चव्वेचाळीस. आणि एक उलटं होतं. मी वाकून पाहिलं. शेंडा खुडलेला होता. खुडलेली कड ओली होती, नुकतीच खुडल्यासारखी.

सगळे सकुबाईकडे बघायला लागले. दामूकाकांच्या पश्चात त्यांच्या घराचं पान तीच ठेवायची. "माझं हे हाय," तिनं आपलं पान दाखवलं. धड होतं, सुलटं होतं. मग तिनं त्या दुसऱ्या पानाकडे बराच वेळ पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

मला भुताखेतांचं फारसं नाही. मी आधी माणसांवरच संशय घेतला. भाद्रपदातल्या सभेला पळसाची पानं मी स्वतः तोडून आणली, त्रेचाळीस मोजून, एकेका घराच्या हातात दिली. सकुबाईच्या हातांवरून डोळा हलवला नाही. गुणा मोजत गेला आणि चव्वेचाळीस झाली. शेंडा खुडलेला, लवदार बाजू वर. त्या वेळी माझ्या मागे चिंचेच्या बाजूला कुणीतरी खोकलं. मी वळून पाहिलं, कुणी नव्हतं. शेजारी बसलेल्या बाळीला विचारलं, ऐकलंस का गो. ती म्हणाली, काय?

त्या दिवसापासून मला ती पानं सभेबाहेरही दिसायला लागली. अंगणात एक, घासून उपड्या घातलेल्या भांड्यांवर एक, आटलेल्या झऱ्याच्या दगडावर एक. असतील गुरांनी खाल्लेली, वाऱ्यानं आलेली. मी प्रत्येक उचलून आधी शेंडा बघायचे. नंतर नंतर उचलायचीच भीती वाटायला लागली.

आता ह्याचा परिणाम बघा. पान उलटं म्हणजे ठराव नाही. कारण विचारायला त्या पानामागे माणूस नाही. आणि दुसऱ्यानं ते उचलायचं-फिरवायचं नाही. म्हणजे वाडीचं काहीच ठरेना. गेल्या कार्तिकात बांबूचं कुठलं बेट तोडायचं ते ठरलं नाही, म्हणून तोड झाली नाही. म्हशाच्या जत्रेत आमची जागा रिकामी राहिली. एकोणीस घरं परत भट्टीवर गेली. बाळी तिच्या दोन्ही लेकरांची शाळा सोडवून त्यांना घेऊन गेली. जाताना तिनं दाराला झाप लावली आणि चिंचेकडे बघून हात जोडले. "काका, सोडा आता," म्हणाली. मी माझ्या ओट्यावर तांदूळ पाखडत होते. मी मान वर केली नाही.

ह्या वर्षी कार्तिकात शेठचा नवा निरोप आला. डोंगराचा अर्धा उतार त्याला एकोणतीस वर्षांसाठी हवा होता, तंबू लावायला. प्रत्येक घरातल्या एकाला काम देणार होता. अजयनं ठरवलं की ह्या सभेत पानांचा कारभारच बंद करायचा, हात वर करून मोजायचं, बावीस झाले की ठराव.

"पन हात वर करायचं ठरवायला बी पानंच ठेवावी लागतील," मी सकाळी त्याला म्हणाले.

"म्हनून तर तुला सांगतो, आये." तो बूट घालत होता, गोडाऊनला सुट्टी टाकली होती. "वही तुझ्याकडं, मोजायला पानं तू लावतेस. ते जास्तीचं पान निघालं का तू उचलून टाक. एक पान तर हाय. मेलेल्या मानसाचं मत कोन धरतं?"

त्याला काही ठाऊक नव्हतं. पण वाक्य माझंच होतं. मीही तेव्हा मनात हेच म्हणाले होते, एक पान तर आहे.

दहाच्या सुमाराला सगळे जमले. अजय उभा राहून बोलला, आणि चांगलं बोलला, हे मला मान्य करावं लागेल.

"शेठच्या हापिसात एक मानूस ठरवतो, दुसऱ्या दिवशी काम चालू. आपन त्रेचाळीस घरं दीड वर्ष बसलो, एक बांबू तोडला नाय. मंग ह्या सभेचा उपयोग काय? सगळ्या देशात मत टाकतात, मोजतात, मोकळे होतात."

"मोकळे कोन होतात?" बाळी म्हणाली. "आपन का निवडून आलेले?"

लोक हसले.

"तुला भट्टीवर जायचंय का परत?" अजयनं तिला विचारलं.

बाळी म्हणाली, "नाय जायचं. पन बावीस लोकांनी उद्या म्हनलं का बाळीचं घर उचला, तर?"

"असं कोन म्हनंल?"

"आज कोन नाय म्हनत. कारन आज माझं एक पान बास होतं."

गुणा म्हणाला, "काम देनार म्हंजे काय देनार? झाडू. आपल्याच डोंगरावर आपन झाडू मारायचा."

"आनि डोंगर आपला राहून तरी काय खाल्लं आपन दोन वर्षं?" अजय म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "सारखा वाटा, सारखा वाटा. शून्याचे त्रेचाळीस वाटे!"

ते खरं होतं. फक्त ते शून्य आलं कुठून, हे अजयला ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं. मी तिथे मांडीवर वही घेऊन बसले होते आणि माझा मुलगा माझ्या पापाचा दोष आमच्या रीतीवर टाकत होता, आणि लोक माना डोलवत होते. दामूकाका आयुष्यभर ज्यासाठी बसले ते माझ्यासमोर मोडायला निघालं होतं. त्यांनी ते मोडू नये म्हणून आपल्या तोंडाला कुलूप लावलं होतं. मी माझी कातडी वाचवायला लावलं होतं.

पानं ठेवली. मी रांगा लावल्या. गुणा मोजायला लागला. माझं लक्ष त्याच्या आवाजाकडे नव्हतं, शेवटच्या रांगेकडे होतं. शेंडा खुडलेलं पान तिथे होतं. कड ओली होती.

"चव्वेचाळीस," गुणा म्हणाला.

"आये," अजय म्हणाला. "उचल ते."

माझा हात पुढे गेला, हे मी लपवत नाही. खड्याला बोटं लागली. आणि चिंचेमागून खोकला आला, दाबलेला, सभेला त्रास होऊ नये म्हणून दाबायचे तसा. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. तो फक्त मला ऐकू आला होता.

मी हात मागे घेतला आणि म्हणाले, "हे पान मी एकदा फिरवलंय."

कुणाला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. रस्त्याची चौथी सभा, काकांची उबळ, खडा, पान. वही उघडून ती ओळ वाचून दाखवली. काका दारात आले होते तेही सांगितलं. ते काय म्हणाले, आणि मी काय चेहरा केला, तेही. बोलताना मी रडले नाही. रडले असते तर कुणीतरी पाणी आणून दिलं असतं, आणि ते पाणी तरी कुठून आणलं असतं.

पहिल्यांदा अनिता बोलली. माझी सून कधी सभेत तोंड उघडत नाही.

"माझ्यासाठी केलं म्हनू नका आये," ती म्हणाली. "मी नव्हतं सांगलं. माझं मूल गेलं तवा काकांनी खांदा दिलेला."

मी म्हणणारच होते, तुझ्यासाठीच केलं. ती बोलली आणि मला तेही म्हणता येईना.

"एका पानासाठी?" अजय म्हणाला. तो कुणाला उद्देशून बोलत होता ते त्यालाही कळत नसावं. "आपल्या घराचं पान जाईल आता, आये. कायमचं. काका हाताला धरायला येनार हायेत का?"

सगळे सकुबाईकडे बघत होते. ती गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली.

"मला त्यानं नाव नाय सांगलं," ती म्हणाली. "मी लय विचारलं. पान फिरवलं कुनीतरी एवढंच बोलला. म्हनला, ती सांगंल. मरेपर्यंत वाट बघत व्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी तुला आत आनू शकत नाय गो. माझं पान असतं तर आनलं असतं. ते त्याचं व्हतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रीत होती तशी तिनं सांगितली. मी माझं पान उचललं, वही अनिताच्या मांडीवर ठेवली, आणि गोलाबाहेर जाऊन चिंचेमागे बसले. तिथे जमीन जरा गुळगुळीत झाली आहे. दामूकाका खोकायला तिथेच बसायचे.

मागून मला दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. गुणा परत मोजत होता. बेचाळीसनंतर त्याचा आवाज दबला.

"त्रेचाळीस," तो म्हणाला. दीड वर्षानं पहिल्यांदा आकडा बरोबर आला होता. घरं बेचाळीस आणि ते एक.

ते पान उलटंच होतं. हात वर करायचा ठराव पडला. शेठच्या उताराला आज त्याच पानानं नाही सांगितलंय असं धरा, सकुबाई म्हणाली, मानूस पान्यापायी गेला, त्याचं कारन अजून कुनाला विचारायचं हाय का. कुणाला विचारायचं नव्हतं. अजय उठून गेला. त्याच्या बुटांचा आवाज उतारावरून खालपर्यंत ऐकू आला.

मग बाळीनं बांबूचा विषय काढला. ह्या वर्षी वरचं बेट तोडायचं आणि झऱ्याच्या बाजूचं ठेवायचं. लोकांनी पानं उचलून पुन्हा ठेवली. गुणा मोजायला लागला. मी चिंचेच्या बुंध्याला डोकं टेकून ऐकत होते. त्रेचाळीसपर्यंत आला आणि गप्प झाला. मला वाटलं झालं, परत भट्टी.

"सगळी सुलटी," गुणा म्हणाला. मग जरा थांबून, "त्याचं बी."

तोड सुरू झाली आहे. सकाळी डोंगरावरून कोयत्यांचे आवाज येतात. बाळीच्या दाराला झाप लागली नाही. नोंदवही अनिता लिहिते. माझी ती ओळ तिनं एक रेघ मारून खोडली आहे, खाली खरं काय ते लिहिलं आहे, आणि माझं नाव पूर्ण लिहिलं आहे. अजय घरी येतो, जेवतो, माझ्याशी बोलत नाही. त्याच्या घराचं पान मी घालवलं. तो ज्या रीतीच्या विरोधात होता तिच्यातून बाहेर पडल्यावर त्याला ती आठवायला लागली आहे, असं अनिता म्हणते.

मी दर सभेला जाते. जायला मनाई नाही, आत बसायला आहे. चिंचेमागे बसते. पानं ठेवायची वेळ झाली की मी उजवा हात मांडीवर उघडा ठेवते, ज्या हातानं फिरवलं तोच. लोक मोजतात, त्रेचाळीस येतात, उठून घरी जातात. मी अजून थोडा वेळ बसते. खोकला आता ऐकू येत नाही.